इंजिन थकलंय आणि रविवारी रेस आहे: डर्ट बाईक ट्रॅकवर उतरवायची की नाही, हे ठरवतात कसं?

गुरुवारची रात्र आहे. रविवारी रेस आहे. एन्ट्री फी भरून झालीय, गाडी न्यायला टेम्पो ठरलाय, मित्रांनी व्हॉट्सॲपला स्टेटस टाकून ठेवलेत. आणि प्रॅक्टिसवरनं आलेली गाडी आज दोन किकांऐवजी आठ किका खातेय. गरम झाली की बंद पडतेय, बंद पडली की सुरू व्हायला नको म्हणतेय. सायलेन्सरमधून निळसर धूरही दिसतोय. मेकॅनिक कान लावून ऐकतो आणि म्हणतो, "दादा, काम निघणार हिचं. रविवारचं तुमचं तुम्ही बघा."

डर्ट बाईक पळवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक हौशी रायडरवर ही वेळ कधी ना कधी येतेच. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला झाली, त्यानंतर हा खेळ रील्सवर बऱ्याच जणांना दिसायला लागला. पण त्याआधीपासून पुणे, नाशिक, गोवा या पट्ट्यात मातीतल्या रेसेस होतच आल्यात. रील्समध्ये उड्या दिसतात. गॅरेजमधला हा निर्णय मात्र दिसत नाही. म्हणून आज तोच समजून घेऊ.

आधी हे कळू द्या, की हे इंजिन इतक्या लवकर का झिजतं

रस्त्यावरच्या बाईकचं आयुष्य आपण किलोमीटरमध्ये मोजतो. मोटोक्रॉसच्या गाडीचं आयुष्य तासांत मोजतात. होंडाच्या सीआरएफ २५० आर या रेसिंग बाईकच्या मॅन्युअलमध्ये पिस्टन आणि रिंग बदलायला जो आकडा दिला जायचा, तो साधारण सहा रेस किंवा १५ तास असा. चुकून वाचलं नाही, पंधरा तासच. रोज ऑफिसला जायला लागणाऱ्या वेळाचा हिशोब लावला तर दोन आठवड्यांत पिस्टन बदलायला येईल.

कारण आकड्यांतच आहे. केटीएम २५० एसएक्स-एफ हे फोर स्ट्रोक इंजिन १४,००० आरपीएमपर्यंत जातं. म्हणजे सेकंदाला २३३ फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो. म्हणजे सेकंदाला साडेचारशेहून जास्त वेळा पूर्ण थांबा आणि पूर्ण पळा. २०२३ च्या आधीच्या मॉडेलांत त्याचा स्ट्रोक ५२.३ मिलिमीटर होता, त्यामुळे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २४ मीटरच्या वर जायचा. वजन कमी ठेवायचं म्हणून पिस्टन आखूड, रिंगा कमी, व्हॉल्व्ह टायटॅनियमचे. ताकद भरपूर मिळते, आयुष्य जातं.

याच्या दुसऱ्या टोकाला आपली यामाहा आरएक्स १००. तिचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०. सिलिंडरमध्ये लोखंडी स्लीव्ह. झिजला की लेथवाल्याकडे न्या, बोअर करा, वरच्या मापाचा पिस्टन टाका, एखाद दिवसात गाडी तयार. आजच्या मोटोक्रॉस बाईकच्या ॲल्युमिनियम सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर असतो. त्याला बोअर करून चालत नाही. थर गेला की पुन्हा प्लेटिंग करा किंवा नवा सिलिंडर आणा. पार्ट बाहेरच्या देशातून यायचा असेल तर रविवारची रेस विसराच. त्यामुळे "इंजिन झिजलंय" हे वाक्य दोन्ही गाड्यांना लागू असलं तरी त्याचा अर्थ अगदी वेगळा होतो.

झिजणं वेगळं, तुटणं वेगळं

सगळा निर्णय या एका फरकावर उभा आहे.

काही झीज अशी असते की ती फक्त ताकद खाते. रिंगा जरा ढिल्या झाल्या, कॉम्प्रेशन थोडं उतरलं, गाडी ऑइल पिऊ लागली, चालू करताना निळा धूर येतो आणि मग कमी होतो. अशी गाडी स्टार्टला मागे पडेल, सरळ पट्ट्यावर मार खाईल, पण पुढच्या वीस मिनिटांत स्फोट व्हावा असं सहसा काही नसतं.

दुसऱ्या प्रकारची झीज एकदम तुटण्याकडे जाते. खालून, क्रँककेसमधून "ठक ठक" असा जड आवाज येतोय आणि ॲक्सिलरेटर दिला की तो वाढतोय, तर कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग गेलंय असं समजा. हे बेअरिंग पूर्ण सुटलं की रॉड थेट क्रँककेस फोडून बाहेर येतो. वरनं येणारा हलका "टक टक" आवाज कधी टॅपेटचा असतो, कधी थंड पिस्टन सिलिंडरवर आपटल्याचा. गरम झाल्यावर तो गेला तर एवढं घाबरायचं कारण नाही. गरम झाल्यावर वाढला तर मात्र आहे.

फोर स्ट्रोकमध्ये सगळ्यात फसवी खूण म्हणजे गरम गाडी सुरू न होणं. टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर कडक पण पातळ कोटिंग असतं. ते झिजलं की आतला मऊ धातू भराभर घासला जातो, व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये आत आत जातो आणि टॅपेटचा गॅप कमी होत होत शून्यावर येतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. मेकॅनिक शिम बदलून गॅप परत बसवून देतो, गाडी मस्त चालू होते आणि आपण खूश. पण एकदा बसवलेला गॅप दोन-चार तासांत पुन्हा कमी झाला, तर तो व्हॉल्व्ह संपलेला आहे. अशा वेळी तिसऱ्यांदा शिम टाकून रेसला जाणं म्हणजे १४,००० आरपीएमवर व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडण्याची वाट बघणं. तसं झालं की पिस्टन, हेड, सिलिंडर, बऱ्याचदा क्रँकसुद्धा एकाच झटक्यात जातं. हजारात होणारं काम लाखात गेलं म्हणून रडणाऱ्यांच्या बऱ्याच गोष्टी इथूनच सुरू होतात.

टू स्ट्रोकचं गणित वेगळं. तिथे व्हॉल्व्ह नाहीत, धूर तर नेहमीचाच. पण ॲक्सिलरेटर सोडल्यावर आरपीएम लगेच खाली न येता वर लटकून राहत असतील, तर बहुतेक कुठून तरी जादा हवा आत जातेय. क्रँकचं मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील हा पहिला संशयित. जादा हवा म्हणजे पेट्रोल कमी, त्यासोबत येणारं ऑइलही कमी, उष्णता जास्त, आणि शेवट इंजिन जाम होण्यात. याउलट धूर एकाएकी दाट झालाय आणि गिअर ऑइल कमी होतंय, तर क्लचच्या बाजूचं सील बघा.

आणि एक झीज अशी की तिची खूणच नसते. पिस्टनचा धातू थकतो. बाहेरून गुळगुळीत दिसतो, कॉम्प्रेशनही बरं येतं आणि एक दिवस त्याचा खालचा भाग तडकून तुटतो. म्हणूनच कंपनी तास मोजायला सांगते. सेकंडहँड घेतलेल्या गाडीवर अवर मीटर नसेल आणि आधीच्या मालकाने "फक्त दोनदा चालवलीय" असं सांगितलं असेल, तर ते वाक्य बाजूला ठेवून पिस्टन बघितलेला बरा.

इंजिन न खोलता काय काय कळतं

पुष्कळ कळतं, आणि शुक्रवारच्या एका संध्याकाळीत कळतं.

पहिलं काम, ऑइल काढा. स्वच्छ पांढऱ्या कापडातून गाळा. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर बारीक राखाडी लगदा असणारच, ती रोजची झीज आहे. पण हाताला टोचणारे कण, सळ्या किंवा पापुद्रे असतील तर थांबा. चुंबकाला चिकटले तर ते लोखंड किंवा स्टील, म्हणजे बेअरिंग, गिअर, क्रँक यांच्यापैकी काहीतरी. न चिकटणारे पांढरट तुकडे ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टन किंवा केस. पिवळसर चमक दिसली तर एखादा ब्राँझचा बुश. ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरलंय. हे तपासायला कापड सोडून काही लागत नाही, तरी सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट हीच.

दुसरं, प्लग. टोकावर ॲल्युमिनियमचे बारीक चमकणारे ठिपके दिसले तर पिस्टनचा माथा वितळायला लागलाय. ही खूण बघून जो रेसला जातो त्याला आणखी समजावण्यात अर्थ नाही.

तिसरं, कॉम्प्रेशन. टू स्ट्रोकवर गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवा, आकडा स्थिर होईपर्यंत किका मारा. गाडी नवी असताना किंवा मागच्या कामानंतर घेतलेला आकडा लिहून ठेवला असेल तरच या आकड्याला खरा अर्थ आहे, कारण गेजा-गेजात फरक असतो. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा आणि सिलिंडर गेलेत. फोर स्ट्रोकमध्ये याच परीक्षेत आकडा वाढला नाही तर गळती व्हॉल्व्हमधून आहे.

पण फोर स्ट्रोक मोटोक्रॉस बाईकवर हे गेज दगा देतं. किक हलकी लागावी म्हणून कॅमवर डीकॉम्प्रेसर असतो. तो सुरुवातीला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो, त्यामुळे चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी येतो. अशा गाडीला लीक-डाऊन टेस्ट करतात. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना थांबवायचा, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि किती हवा निसटते ते बघायचं. खरी मजा मोजण्यात नाही, ऐकण्यात आहे. कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडीतून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. इंजिनच्या ब्रीदर पाइपमधून आली तर रिंगा. रेडिएटरचं झाकण उघडल्यावर बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. थोडी गळती सगळ्यांत असते. दहा टक्क्यांच्या आत असेल तर मेकॅनिक मान हलवतात, वीसच्या पुढे गेली की पाना हातात घेतात, असा ढोबळ हिशोब आहे.

चौथं, एअर फिल्टर काढा आणि त्याच्या आतल्या बाजूला, इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीत स्वच्छ बोट फिरवा. बोटाला माती लागली तर झिजण्याचं मूळ सापडलं. आपल्याकडची कोरडी धूळ पिठासारखी बारीक. फिल्टर नीट बसला नसेल, फाटला असेल किंवा त्याला फिल्टर ऑइल लावलं नसेल, तर एकाच दिवसात रिंगा घासून निघतात. इथे लक्षात घ्यायचं ते असं की फिल्टरची गडबड तशीच ठेवून नवा पिस्टन टाकला, तर तोही त्याच वाटेने जाणार.

इंजिन उडीच्या आधी गेलं तर

"फार तर काय, गाडी बंद पडेल, ढकलत आणू," असं म्हणणारे भेटतात. सपाट मैदानात ते खरंही आहे. सुपरक्रॉसच्या ट्रॅकवर नाही.

उडीच्या चढावर मागच्या चाकाला मिळणारी ताकद गाडीचं तोंड वर धरून ठेवते. नेमकी तिथे ताकद गेली की पुढचं चाक खाली झुकतं आणि गाडी नाकावर उतरते. हवेतही इंजिनाचं काम संपलेलं नसतं. फिरणारं मागचं चाक लट्टूसारखं असतं. हवेत ॲक्सिलरेटर दिला, चाकाचा वेग वाढला, की गाडीचं तोंड वर येतं. मागचा ब्रेक दाबला, चाक थांबलं, की तोंड खाली जातं. रायडर हेच वापरून हवेत गाडी सावरतात. आता हवेतच इंजिन जाम झालं असं समजा. चेन थांबली, चाक थांबलं, म्हणजे न मागता मागचा ब्रेक लागल्यासारखंच झालं. तोंड खाली, आणि ते वर आणायला ॲक्सिलरेटर नाही. क्लच तेवढ्यात दाबला गेला तर चाक मोकळं होतं, म्हणून जुने टू स्ट्रोकवाले क्लचवरचं बोट कधी सोडत नाहीत.

त्यात मागून येणाऱ्यांचं काय? उडी मारणाऱ्याला पलीकडचं दिसत नसतं. तुम्ही लँडिंगवर पडलेले असाल तर पिवळा झेंडा दिसेपर्यंत एखादा हवेत असू शकतो. क्रँककेस फुटून ऑइल वळणावर सांडलं तर दहा जण त्यावरनं जाणार. त्यामुळे "माझी गाडी, माझा जीव, माझी मर्जी" हा युक्तिवाद इथे टिकत नाही. रेसआधीच्या तपासणीत ब्रेक, लिव्हर, हेल्मेट, बाहेरची गळती हे बघतात. आतलं बेअरिंग तिथे कुणाला दिसत नाही. ते फक्त तुम्हाला आणि तुमच्या मेकॅनिकला माहीत असतं.

पॉइंटांचं गणितही एकदा करून बघा

एफआयएम मोटोक्रॉसमध्ये एका मोटोला पहिल्याला २५ पॉइंट, दुसऱ्याला २२, तिसऱ्याला २०, असे विसाव्यापर्यंत मिळतात. सहाव्याला १५. म्हणजे थकलेल्या इंजिनावर जपून चालवत दोन्ही मोटोत सहावा आलात तर ३० पॉइंट होतात. पहिली मोटो जिंकून दुसरीत इंजिन फुटलं तर २५. आणि फुटलेलं इंजिन पुढच्या फेरीपर्यंत बांधून झालं नाही तर तिथलेही पॉइंट गेले. चॅम्पियनशिपमध्ये असाल तर एक फेरी सोडणं हा पराभव वाटतो, पण बऱ्याचदा तोच स्वस्त पर्याय असतो. एखादीच स्थानिक रेस असेल, पुढे काही नसेल, तर हिशोब फक्त ट्रॉफी विरुद्ध दुरुस्तीचं बिल एवढाच उरतो.

आणि हे फक्त हौशी लोकांचं दुखणं नाही. २०१९ च्या डकार रॅलीत अमेरिकेचा रिकी ब्रेबेक आघाडीवर होता. आठव्या टप्प्यात त्याच्या होंडाचं इंजिन गेलं आणि रॅली तिथेच संपली. कंपनीची गाडी, कंपनीचे मेकॅनिक, तरीही. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, तो डकार जिंकला आणि केटीएमची सलग १८ विजयांची साखळी तुटली.

जुगाडाबद्दल दोन शब्द

जाड ऑइल टाकलं की आवाज कमी होतो. खरंय, आवाज कमी होतो, बेअरिंग तेवढंच झिजलेलं राहतं. फायदा एवढाच की आता धोका ऐकू येत नाही. धूर बंद करायच्या बाटल्या मिळतात, पण डर्ट बाईकचा क्लच बहुतेक वेळा त्याच ऑइलमध्ये फिरतो, आणि नको ते ॲडिटिव्ह पडलं की क्लच घसरायला लागतो. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलात ऑइल वाढवून "सेफ" करणारेही आहेत. पण ऑइल वाढलं की तेवढ्याच मापात पेट्रोल कमी जातं, मिश्रण उलट लीन होतं. जेट न बदलता हे करणं म्हणजे औषधाच्या नावाखाली दुखणं वाढवणं.

कामाचा जुगाड एकच, आणि तो जुगाड नाहीच. टू स्ट्रोक असेल, सिलिंडर ठीक असेल आणि पार्ट हाताशी असेल, तर शनिवारी पिस्टन-रिंग बदलून घ्या. जाणत्या हाताचं ते एका दुपारचं काम आहे. मात्र नवा पिस्टन थेट रेसमध्ये पिळू नका. आधी दोन-तीन वेळा गरम करून पूर्ण थंड होऊ द्या आणि थोडी प्रॅक्टिस मारा.

मग उतरायचं कधी?

आमचं मत स्पष्ट सांगतो. खालून ठोका येतोय, ऑइलमध्ये धातूचे तुकडे आहेत, टॅपेटचा गॅप पुन्हा पुन्हा शून्यावर येतोय, कूलंट कुठे जातंय कळत नाही, किंवा पिस्टनचे तास कंपनीच्या आकड्याच्या बरेच पुढे गेलेत, यातलं एकही असेल तर उतरू नका. आयोजकांशी बोला, एन्ट्री दुसऱ्या गाडीवर बदलून मिळते का विचारा. मित्राची कमी सीसीची धड गाडी घेऊन खालच्या क्लासमध्ये पळणं यात कमीपणा काही नाही. उलट छोट्या गाडीवर वेग टिकवायला शिकलेले रायडर मोठ्या गाडीवर भारी पडतात, असं अनुभवी लोक सांगतातच.

नुसतं कॉम्प्रेशन उतरलंय, थोडा धूर आहे, ऑइल स्वच्छ निघालंय, फिल्टर ठीक आहे, तर उतरा. पण अटी घालून उतरा. प्रॅक्टिसच्या फेऱ्या कमी करा, ट्रॅक समजण्यापुरत्याच. प्रत्येक हीटनंतर ऑइलची पातळी बघा, कारण या इंजिनांत ऑइल मुळातच एखाद लिटरच्या आसपास, त्यातलं पाव लिटर जळालं तरी मोठी गोष्ट होते. लाल रेषेपर्यंत पिळण्याऐवजी एक गिअर वर ठेवा. जी मोठी उडी पूर्ण ताकदीशिवाय पार होत नाही, ती दोन तुकड्यांत घ्या. आणि कुठून बाहेर पडायचं ते स्टार्टच्या आधीच ठरवा. नवा आवाज आला, ताकद अचानक बदलली, की हात वर करून कडेने ट्रॅकच्या बाहेर. रेसमध्ये असताना हे ठरवायला गेलात तर समोरच्याला गाठायची खुमखुमी निर्णय घेते.

रात्री घरी आल्यावर गाडी धुवायच्या आधी गरम ऑइल काढा आणि पुन्हा कापडातून गाळा. शुक्रवारचं कापड जपून ठेवलं असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघा. दोन्हींत फरक नसेल तर पार्ट मागवायला थोडी सवड आहे. कापडावर नवी चमक दिसली तर सोमवारी सकाळी इंजिन उतरवायचं.